गुलाबी नसलेला पिंक

२०१७ सालच्या नोव्हेंबरात माझ्या मामांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. ते शोधता शोधता मी इंग्रजीतल्या एका चार अक्षरी शब्दापाशी जाऊन पोचलो आणि पुढची काही वर्षे तिथेच रेंगाळलो. हा लेख म्हणजे त्या रेंगाळण्याचा हिशेब आहे.

आधी थोडे माझ्याविषयी सांगायला हवे. मी बारावीपर्यंत शिकलो. वडिलांचे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकामाचे दुकान होते. इंग्रजी शिकलो ते रद्दीत आलेल्या मासिकांवर आणि वाचनालयातल्या दोन जाड शब्दकोशांवर. पुढे त्याच इंग्रजीवर थोडी कमाई होऊ लागली. एका संस्थेसाठी मी शेतीविषयक माहितीपत्रकांचे मराठी करून देत असे. त्यातलेच एक पत्रक कपाशीवरच्या ‘पिंक बोलवर्म’ या किडीचे होते. मी मथळा दिला ‘गुलाबी बोंडअळी’. इथवर ठीक होते. पण मजकुरात जिथे जिथे या अळीचा नुसता उल्लेख होता, तिथे वाक्य सोपे करण्याच्या हौसेने मी लिहिले, ‘फुलात गुलाबी रंगाची अळी दिसताच उपाय करावा.’

मामांनी ते पत्रक जपून ठेवले होते. सप्टेंबरात त्यांनी कपाशीची फुले उघडून पाहिली. आत बारीक, पांढुरकी, काळसर डोक्याची अळी होती. पत्रकात तर गुलाबी लिहिलेले! मामा निर्धास्त राहिले. नोव्हेंबरात बोंडे फुटली तेव्हा आत सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली. त्या वर्षी विदर्भात आणि मराठवाड्यात हजारो शेतांत हेच झाले होते. त्यामागची कारणेही मोठी होती. बीटी कपाशीला ही अळी आता जुमानत नव्हती. सगळा दोष माझ्या वाक्याचा नव्हता, हे मला कळते. पण मामांच्या नऊ एकरांपुरता माझा वाटा होता. ते पत्रक माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “बापू, तुह्या कागदात तं गुलाबी लिवलं हाय. मले दिसली ते पांढरी. मंग हे गुलाबी काहून म्हन्तेत?”

काहून म्हणतात, हे शोधायचे तर आधी ‘पिंक’ म्हणजे काय, ते पाहायला हवे होते.

फूल आधी, रंग नंतर

आपण शाळेत पिंक म्हणजे गुलाबी असे पाठ करतो. इंग्रजांच्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाला हे सांगितले असते, तर तो गोंधळला असता. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत पिंक हे एका फुलाचे नाव होते. हे फूल डायान्थस कुळातले, आपल्याकडे पॉलिहाऊसमध्ये पिकवल्या जाणाऱ्या कार्नेशनचे सख्खे भावंड. ते फिकट लाल असते, पांढरेही असते आणि गडद किरमिजीही. म्हणजे पिंक म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुलाची घडण उभी राही. रंग कोणताही असू शके. रंगाचे नाव म्हणून हा शब्द रुळला तो सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात.

मग फुलाला हे नाव कसे पडले? इथे कोशकारांत एकमत नाही, पण एक तर्क मला विशेष भावला, कारण तो माझ्या वडिलांच्या दुकानातून जातो. इंग्रजीत ‘पिंक’ हे क्रियापदही आहे आणि ते फुलाहून जुने आहे. त्याचा अर्थ टोचणे, भोके पाडणे, कडा दातेरी कापणे. सोळाव्या शतकातल्या श्रीमंत युरोपीय पोशाखात वरच्या कापडाला नक्षीदार भोके पाडत, म्हणजे आतले दुसऱ्या रंगाचे अस्तर डोकावे. या कामाला पिंकिंग म्हणत. तलवारीच्या टोकाने प्रतिस्पर्ध्याला भोसकणे हेही ‘पिंक’च. आता डायान्थसच्या पाकळीची कड पाहा. कात्रीने कातरल्यासारखी दातेरी असते. टोचलेल्या-कातरलेल्या पाकळ्यांचे फूल म्हणून ते पिंक, असा हा तर्क.

वडिलांकडे एक जड कात्री होती. तिने कापड कापले की कड नागमोडी निघे. आम्ही तिला झिगझॅग कात्री म्हणत असू. कापडाच्या दुकानात सुटिंगच्या नमुन्यांची जाड वही असते, तिच्यातल्या तुकड्यांच्या कडा अशाच कापलेल्या असतात. दातेरी कड तिरपी जात असल्याने धागे सहज उसवत नाहीत. त्या कात्रीच्या खोक्यावर इंग्रजीत ‘पिंकिंग’ असे छापलेले होते. लहानपणी मला वाटे, ही कात्री गुलाबी कापडासाठी असावी! वडिलांना विचारले तर ते म्हणाले, “कात्रीला रंग कळतो का?” फार वर्षांनी कळले की त्या एका वाक्यात कोशातली निम्मी नोंद होती.

शेक्सपियरकडे या शब्दाची गंमत एकाच जागी सापडते. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या दुसऱ्या अंकात मर्क्युशिओ स्वतःला सौजन्याचा ‘पिंक’ म्हणवतो. इथे पिंक म्हणजे शिरोमणी, आदर्श. उत्तम फुलावरून उत्तमतेचा अर्थ आला. (आजही धडधाकट माणसाचे वर्णन इंग्रजीत ‘प्रकृतीच्या पिंकमध्ये’ असे करतात. त्याचा लाल गालांशी संबंध नाही.) रोमिओ लगेच फुलाचा अर्थ पकडतो आणि मग आपल्या नक्षीदार भोके पाडलेल्या बुटावर कोटी करतो. म्हणजे दोन-तीन वाक्यांत शिरोमणी, फूल आणि भोके असे तीन अर्थ खेळून जातात, पण रंग कुठेच नाही. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मधल्या मद्यपानाच्या गाण्यात मद्यदेवाचे डोळे ‘पिंक’ आहेत. कुणाही शिकाऊ अनुवादकाला वाटेल की देवाचे डोळे पिऊन लालसर झाले आहेत. प्रत्यक्षात तिथला अर्थ बारीक, अर्धवट मिटलेले डोळे असा आहे. हा पिंक डच भाषेतून आलेला, ‘लहान’ या अर्थाचा.

पिवळा पिंक

मला सर्वात मोठा धक्का बसला तो चित्रकारांच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांमुळे. सतराव्या शतकातल्या या पुस्तकांत ‘पिंक’ नावाचा रंग येतो आणि तो निळ्यात मिसळून झाडांच्या पानांचा हिरवा करावा असे सांगितलेले असते. गुलाबीत निळा मिसळला तर जांभळट होईल. हिरवा कसा होईल? कारण हा पिंक पिवळा होता. बकथॉर्न नावाच्या झुडपाची फळे आणि तत्सम वनस्पतींचा रस काढून तो खडूसारख्या पांढऱ्या भुकटीवर बसवीत आणि पिवळे रंगद्रव्य बनवीत. त्याला डच पिंक, इंग्लिश पिंक, तपकिरी छटेच्या जातीला ब्राऊन पिंक अशी नावे होती. ही नावे पुढे दोनेकशे वर्षे रंगाच्या दुकानांत टिकली, म्हणजे ‘पिंक’चा आजचा अर्थ पक्का झाल्यानंतरही.

हे पिवळे उन्हाला टिकत नसत. त्या काळच्या काही निसर्गचित्रांत आज झाडे विचित्र निळसर दिसतात, त्याचे एक कारण हेच. हिरव्यातला पिवळा उडून गेला आणि निळा तेवढा मागे राहिला.

इथे मी थबकलो. पिंक हे त्या रंगद्रव्याचे नाव होते. ते आजच्या अर्थाने त्याचे वर्णन नव्हते. नाव आणि वर्णन यांतला हा फरक माझ्या हातून पत्रकात निसटला होता.

पुढे अशी उदाहरणे सापडतच गेली. कोल्ह्याच्या शिकारीला निघालेले इंग्रज घोडेस्वार जो भडक लाल कोट घालतात, त्याला ते पिंक म्हणतात. पिंक आडनावाच्या शिंप्याने तो प्रथम शिवला अशी कहाणी सांगतात, पण अशा शिंप्याचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. नोकरीवरून काढल्याचे पत्र म्हणजे अमेरिकेत ‘पिंक स्लिप’. ती आज संगणकावर येते आणि तिला रंगच नसतो. आपल्याकडे जयपूरला पिंक सिटी म्हणतात. त्या भिंती जवळून पाहिल्या तर गेरूच्या वाटतात.

एकाच स्पेलिंगचे भाऊबंद

‘एका शब्दाचे अनेक अर्थ’ असे आपण म्हणतो तेव्हा एका खोडाला फुटलेल्या फांद्या डोळ्यांपुढे येतात. पिंकचे तसे नाही. वेगवेगळ्या गावांहून आलेले प्रवासी एकाच धर्मशाळेत उतरावेत, तसे वेगवेगळे शब्द एका स्पेलिंगमध्ये उतरले आहेत.

करंगळीला स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत ‘पिंकी’ म्हणतात. ती डच भाषेतली लहान बोटाची ‘पिंक’. निमुळत्या मागच्या भागाचे एक गलबत होते, तेही पिंक. त्याचे नावही डच खलाशांकडून आले. साल्मन माशाच्या पिल्लालाही हेच नाव. चॅफिंच हा युरोपातला छोटा पक्षी ‘पिंक पिंक’ असा ओरडतो, म्हणून काही भागांत लोक त्यालाच पिंक म्हणत. ‘टिटिव टिटिव’ ओरडणाऱ्या पाखराला टिटवी म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. इंग्लंडमधला मेकॅनिक जेव्हा सांगतो की तुमची गाडी ‘पिंक’ करते आहे, तेव्हा त्याला म्हणायचे असते की इंजिन ठोकते आहे. सिलिंडरमधले इंधन अवेळी पेटून टणटण आवाज येतो आहे. हा शब्दही आवाजावरून आलेला.

यांतल्या एकाचाही गुलाबीशी संबंध नाही. पण रंगाचा अर्थ एवढा बलवान झाला की बाकीचे त्याच्या सावलीत गेले. आज इंग्रजी मुलालाही वाटते की करंगळी गुलाबी असते म्हणून ती पिंकी.

रंगाला चिकटलेले हेतू

गंमत अशी की हा बलवान रंग इंद्रधनुष्यात नाहीच. ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाहा. त्यात गुलाबीला अक्षर नाही. एकाच तरंगलांबीच्या प्रकाशातून तो मिळत नाही. तांबड्यात पांढरा मिसळावा लागतो. फिकट निळा आणि फिकट हिरवा यांना इंग्रजीत तितका रुळलेला स्वतंत्र शब्द नाही, फिकट लालला मात्र आहे. बर्लिन आणि के या अभ्यासकांनी १९६९ साली जगभरच्या भाषांतली रंगनामे तपासली. भाषांमध्ये मूळ रंगनामे ज्या क्रमाने येतात त्यात त्यांनी पिंकला अगदी शेवटच्या गटात ठेवले.

उशिरा आलेल्या या रंगाला लोकांनी आपापले हेतू चिकटवले. ‘फायनान्शिअल टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्राने १८९३ साली इतरांहून वेगळे दिसावे म्हणून फिकट गुलाबी कागद घेतला; आज जगभर, आपल्याकडेही, तो अर्थविषयक वृत्तपत्रांचा रंग झाला आहे. कम्युनिस्ट तो लाल; मग पुरता कम्युनिस्ट नसलेला पण तिकडे झुकलेला माणूस अमेरिकेत ‘पिंक’ ठरला. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सिनेटच्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांच्या प्रचाराने हेलन गहॅगन डग्लस यांना ‘पिंक लेडी’ ठरवले आणि त्यांच्याविरुद्धची पत्रके मुद्दाम गुलाबी कागदावर छापली. त्या हरल्या. एका रंगात ‘ही बाई’ आणि ‘ही कम्युनिस्टांची’ असे दोन टोमणे बसवले होते.

पिंक म्हणजे मुलीचा रंग, हेही आपण समजतो तितके जुने नाही. एकोणिसाव्या शतकात तान्ह्या मुलांना, मुलगा असो वा मुलगी, बहुधा पांढरेच कपडे असत. १९१८ साली अमेरिकेतल्या बालकपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकाने मुलग्यांसाठी पिंक आणि मुलींसाठी निळा सुचवला होता; कारण काय, तर पिंक हा ठाम आणि जोरकस रंग! जो पाओलेटी या अभ्यासिकेने या इतिहासावर २०१२ साली पुस्तक लिहिले. मात्र ‘पूर्वी सगळे उलटे होते’ असेही म्हणता येत नाही. १८६८-६९च्या ‘लिटल विमेन’मध्ये जुळ्यांपैकी मुलाला निळी आणि मुलीला गुलाबी फीत बांधलेली आहे. दोन्ही चाली शेजारी शेजारी नांदत होत्या; दुसऱ्या महायुद्धानंतर बाजाराने त्यांतली एक पक्की केली.

त्याच काळातला एक अर्थ मात्र हलक्या हाताने लिहिता येत नाही. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत. १९७०च्या दशकापासून त्याच समाजाने तो त्रिकोण स्वाभिमानाची खूण म्हणून मिरवला. रंग तोच; शिवणारा हात बदलला.

अमेरिकेत १९७९ साली एका तुरुंगातली कोठडी विशिष्ट गुलाबी रंगवली आणि कैदी शांत होतात असा दावा झाला. नंतरच्या प्रयोगांत तो टिकला नाही. रंगाला आपण जे चिकटवतो ते रंगात असतेच असे नाही.

गुलाबी कुठून आला

मग मी मराठीकडे वळलो. फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषांनी या रंगाचे नाव गुलाबावरून घेतले आहे. इंग्रजी एकटीच डायान्थसकडे गेली. आपण युरोपाच्या बहुसंख्येत बसतो, पण वाट फारसीची. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी; फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला दिले आणि फुलावरून रंगाला. खुद्द इराणात आज ‘गुलाबी’ म्हटले तर समोर नासपती येते. या रंगाला तिथे ‘सूरती’ म्हणतात, म्हणजे चेहऱ्याचा रंग. इराणी माणसाला आपली ‘गुलाबी थंडी’ काय वाटेल कोण जाणे.

आणि आता पिंक स्वतःच मराठीत उतरला आहे. राज्य सरकारने महिलांसाठी आणलेल्या योजनेचे नाव ‘पिंक ई-रिक्षा’ आहे. साडीच्या दुकानात ‘बेबी पिंक दाखवा’ म्हणतात. गुलाबी हा रंग आणि पिंक ही छटा, अशी नवी वाटणी होते आहे.

मामांचे उत्तर

या सगळ्यानंतर मी त्या अळीकडे परत आलो. विल्यम सॉन्डर्स यांनी १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले ते भारतातून, भडोचकडून गेलेल्या नमुन्यांवरून. त्यांनी दिलेल्या शास्त्रीय नावात ‘गॉसिपिएला’ आहे, म्हणजे कपाशीची. त्यात रंगाचा उल्लेख नाही. पिंक हे इंग्रजी व्यवहारातले नाव. अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी असते. वाढीच्या शेवटच्या अवस्थेत तिच्या अंगावर गुलाबी-लाल पट्टे येतात. तोवर ती बोंडात शिरलेली असते आणि तिच्या शिरण्याचे भोक बुजून गेलेले असते. म्हणजे गुलाबी दिसेपर्यंत थांबणे म्हणजे नुकसान होऊ देणे. इंग्रजी मजकुरात पिंक हे नुसते नाव होते. मी त्याचे वर्णन केले.

मराठीतल्या जुन्या शेती पुस्तिकांत या अळीला ‘शेंदरी बोंडअळी’ म्हटलेले आहे. मामांनीही ते नाव ऐकले होते. वडीलधाऱ्यांनी तिला शेंदरी म्हटले आणि तरी पांढऱ्या अळीला ते फसले नाहीत, कारण ते अळीचा रंग पाहत नव्हते. ते फूल पाहत होते. अळी लागलेल्या फुलाच्या पाकळ्या आतून धाग्यांनी जखडल्या जातात आणि फूल उमलता उमलता थांबते. ते अर्धवट मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसते. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली की ती तोडून नष्ट करायची, कामगंध सापळे लावायचे. रंग नंतर पाहायचा.

मी ते पत्रक पुन्हा लिहिले. ‘गुलाबी रंगाची अळी’ ही तीन पदे काढली आणि लिहिले, ‘डोमकळी शोधा. आतली अळी पांढरी असली तरी ती हीच.’ संस्थेने ते छापले की नाही, कळवले नाही. मी स्वतः पन्नास प्रती काढून गावात वाटल्या.

पुढच्या हंगामात मामांनी सकाळीच फोन केला. सात डोमकळ्या सापडल्या होत्या. म्हणाले, “पांढरीच हाय बापू, पन आता फसत नाही.” नंतर थोडे थांबून त्यांनी विचारले, “पन त्या इंग्रजाच्या शब्दाचं काय झालं? सापडला का त्याचा अर्थ?”

मी म्हणालो, “सापडले मामा. दहा-बारा सापडले.”

“मंग आपल्या कामाचा कोन्ता?”

त्यांना सांगितले ते इथेही सांगतो. जो त्या वाक्यात असेल तो.